भारवाटपाचा इतिहास: ‘ऑल-इन-वन’ झूम लेन्सची कुळकथा

छायाचित्रणाच्या व्यवसायात आणि छंदात ‘ऑल-इन-वन’ किंवा ‘सुपरझूम’ या नावाने ओळखली जाणारी लेन्स विस्तीर्ण देखाव्यापासून दूरच्या फांदीवरील पक्ष्यापर्यंत सारे काही कॅमेऱ्यावरून न उतरवता टिपते. आज ती नवशिक्याच्या आणि प्रवाशाच्या सोयीची वस्तू मानली जात असली, तरी तिची वंशावळ दुर्बीण, चलच्चित्रपट आणि दूरचित्रवाणी अशा तीन घराण्यांतून आलेली असून ती पूर्णत्वाला पोहोचण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. या काळात काचेच्या आणि भिंगरचनेच्या शास्त्रात मोठी प्रगती झाली हे खरे. परंतु केवळ तिच्या बळावर ही लेन्स घडली नसती. जी कामे पूर्वी लेन्सला एकटीने पेलावी लागत, ती एकेक करून कॅमेऱ्याने, फिल्मने आणि अखेरीस संगणकाने आपल्याकडे घेतली, आणि दर वेळी मोकळ्या झालेल्या सामर्थ्याचा उपयोग रचनाकारांनी तिचा पल्ला वाढवण्यासाठी केला, असे या इतिहासाचे सूत्र मांडता येते.

हे सूत्र समजण्यासाठी काही संज्ञा आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. अतिदूरच्या वस्तूपासून येणारे समांतर किरण बहिर्वक्र भिंग ज्या बिंदूत एकत्र आणते त्याला नाभी म्हणतात, आणि भिंगापासून नाभीपर्यंतच्या अंतराला नाभीय अंतर. नाभीय अंतर जितके कमी, तितका दृश्यकोन, म्हणजे चौकटीत मावणारा दृश्याचा विस्तार, अधिक असतो. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या ३६ × २४ मिलिमीटर चौकटीवर २८ मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स कर्णाच्या दिशेने सुमारे ७५ अंशांचे दृश्य सामावते, तर २०० मिलिमीटरची लेन्स जेमतेम १२ अंशांचे. ज्या लेन्सचे नाभीय अंतर कायम असते तिला ‘प्राइम’ म्हणतात, आणि ज्या लेन्समध्ये ते सलग बदलता येते ती झूम. झूमच्या कमाल आणि किमान नाभीय अंतरांचे गुणोत्तर हे तिच्या पल्ल्याचे माप असून २८ ते २०० मिलिमीटरच्या लेन्ससाठी ते सुमारे ७ येते.

झूमच्या नळीत भिंगांचे काही गट बसवलेले असतात. त्यांपैकी काही गट किरणांना एकत्र आणणारे असतात आणि काही त्यांना फाकवणारे. दोन गटांमधील अंतर बदलले की संपूर्ण रचनेचे नाभीय अंतर बदलते, परंतु त्याबरोबर प्रतिमा जेथे पडते ते प्रतलही पुढेमागे सरकते आणि चित्र धूसर होते. म्हणून विवर्धन बदलणाऱ्या गटाबरोबर आणखी एका गटाला हालवून प्रतिमेचे प्रतल जागच्या जागी राखावे लागते. शिवाय कोणत्याही भिंगात विपथन, म्हणजे किरण नेमक्या जागी न पोहोचल्यामुळे उद्भवणारे दोष, असतातच. प्राइम लेन्समध्ये भिंगांची एकच स्थिती असल्याने हे दोष एकमेकांविरुद्ध तोलून धरता येतात; झूममध्ये मात्र एका टोकाला जुळलेला तोल दुसऱ्या टोकाला बिघडतो. पल्ला वाढवणे म्हणजे हा तोल अधिकाधिक स्थितींमध्ये सांभाळणे होय.

नाभीय अंतर बदलण्याची कल्पना छायाचित्रणाहून जुनी आहे. दुर्बिणीचे विवर्धन सलग बदलणाऱ्या रचनेची नोंद लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कामकाजात १८३४ मध्ये, म्हणजे डागेरच्या छायाचित्रणपद्धतीची घोषणा होण्याच्या पाच वर्षे आधी, आढळते. १८९१ मध्ये इंग्लंडमधील टॉमस डालमायर यांनी टेलिफोटो, म्हणजे दूरचे दृश्य जवळ आणणाऱ्या, लेन्सची रचना पुढे आणली, तेव्हा तीत पुढील बहिर्वक्र आणि मागील अंतर्वक्र गटांमधील अंतर बदलून विवर्धन कमीजास्त करण्याची सोय होती. परंतु प्रत्येक बदलानंतर प्रतिमा पुन्हा जुळवावी लागे. हा दोष टाळण्याचा, म्हणजे नाभीय अंतर बदलत असताना प्रतिमा जवळपास स्पष्ट राखण्याचा, पहिला उल्लेखनीय प्रयत्न अमेरिकेतील क्लाइल सी. ॲलन यांच्या १९०२ च्या पेटंटमध्ये दिसतो. ज्या लेन्समध्ये झूम करतानाही प्रतिमा स्पष्ट राहते तिला ‘पारफोकल’ आणि जिच्यात ती पुन्हा जुळवावी लागते तिला ‘व्हॅरिफोकल’ म्हणतात. हा भेद पुढे निर्णायक ठरला.

या कल्पनेला पहिला खरा आश्रय चित्रपटसृष्टीने दिला, आणि त्यामागील कारणे स्पष्ट आहेत. स्थिरचित्रे काढणारा छायाचित्रकार दोन चित्रांच्या मध्ये लेन्स बदलू शकतो किंवा चार पावले पुढे जाऊ शकतो, तर चालू असलेल्या चित्रीकरणात दृश्य जवळ आणायचे असेल तर कॅमेरा रुळांवरून ढकलण्यावाचून गत्यंतर नव्हते. शिवाय चित्रपटाची चौकट आकाराने लहान असते आणि पडद्यावर ती क्षणाचा अल्पांश टिकते, त्यामुळे तिच्यातील उणीव सहज खपून जाते. इंग्लंडमधील लेस्टर येथील टेलर, टेलर अँड हॉबसन या कारखान्याने आर्थर वॉर्मिशम यांच्या रचनेनुसार १९३२ मध्ये बेल अँड हॉवेल कंपनीसाठी बनवलेली ‘कुक व्हॅरो’ ही ४० ते १२० मिलिमीटरची लेन्स या घराण्यातील पहिल्या महत्त्वाच्या व्यक्तींपैकी एक होय.

तरीही झूमच्या प्रसाराला एक मूलभूत अडसर होता. हवा आणि साधी काच यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. प्राइम लेन्समध्ये अशा सीमा थोड्या असतात. परंतु एकमेकांपासून विलग असे अकरा गट असलेल्या झूममध्ये त्या बावीस होतात, आणि प्रत्येक सीमेवर ९६ टक्केच प्रकाश पुढे गेला तर अखेरीस जेमतेम ४१ टक्के फिल्मपर्यंत पोहोचतो. उरलेल्या प्रकाशापैकी काही भाग नळीतच इकडेतिकडे उसळून चित्रावर पांढुरकी झाक आणतो, हा आणखी एक तोटा. १९३५ मध्ये त्साइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर निर्वात पात्रात अतिशय पातळ पारदर्शक लेप चढवून परावर्तन कमी करण्याची पद्धत सिद्ध केली. प्रत्येक पृष्ठभागावरील हानी अर्ध्या टक्क्यावर आणली, तर तेच बावीस पृष्ठभाग जवळजवळ ९० टक्के प्रकाश पुढे पाठवतात. लेप हा झूमच्या कुळातील असा पूर्वज आहे की ज्याच्यावाचून पुढील सारी शाखा वाढलीच नसती.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही शाखा झपाट्याने पसरली. ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेले फ्रँक बॅक यांनी ‘झूमार’ ही लेन्स तयार केली, आणि १९४७ च्या सुमारास ती अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या क्रीडाप्रक्षेपणात वापरली जाऊ लागली, कारण मैदानाच्या कडेला एका जागी उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला खेळाडूच्या मागे धावणे शक्य नव्हते. फ्रान्समध्ये रोजे क्युव्हिलिए यांनी एसओएम बर्तिओ कंपनीसाठी ‘पाँ-सिनोर’ रचली. या दोन्ही रचनांमध्ये ‘प्रकाशीय भरपाई’ची पद्धत होती: हालणारे सारे गट एकाच सांगाड्यात जखडून एकत्र सरकवले जात, आणि भिंगांची वक्रता अशी निवडली जाई की प्रतिमेचे प्रतल फारसे ढळू नये. यंत्ररचना सोपी होत असे, पण प्रतल पूर्णपणे स्थिर राहत नसे. याउलट ‘यांत्रिक भरपाई’त प्रत्येक गटाला नळीवर कोरलेल्या वेगवेगळ्या वक्र खाचेतून, म्हणजे ‘कॅम’मधून, स्वतंत्र गतीने नेले जाते. फ्रान्समधील प्येर आंजेन्यू यांनी १९५६ पासून या पद्धतीला जी अचूकता दिली तिच्यातून १७ ते ६८ मिलिमीटरची लेन्स निघाली, आणि दहापट पल्ल्याच्या त्यांच्या झूमना १९६४ च्या कामगिरीबद्दल हॉलिवूडच्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. दहापट पल्ला म्हणजे एका लेन्समध्ये प्राइम लेन्सची सारी पेटी, हा विचार अशा रीतीने चित्रपटात रूढ झाला असता स्थिरचित्रणात मात्र दुप्पट पल्लाही नवलाईचा होता.

स्थिरचित्रणासाठी बनवलेली पस्तीस मिलिमीटर कॅमेऱ्याची पहिली झूम म्हणून मान्यता पावलेली लेन्स १९५९ मध्ये आली. तिचे नाव ‘फोइग्टलेंडर झूमार’, पल्ला ३६ ते ८२ मिलिमीटर, रचनाकार तेच फ्रँक बॅक, आणि भिंगे अकरा गटांत चौदा. ती फोइग्टलेंडरच्या ‘बेसामॅटिक’ या एसएलआर कॅमेऱ्यासाठी होती ही बाब दुय्यम नाही. त्या काळी प्रतिष्ठित असलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात दृश्य लेन्सऐवजी बाजूच्या खिडकीतून पाहिले जाई, त्यामुळे नाभीय अंतर बदलत गेले तर चौकटीत नेमके काय येत आहे हे कळण्याचा सोपा मार्ग नव्हता. एसएलआरमध्ये लेन्समधून येणारी प्रतिमाच आरशावरून परावर्तित होऊन नेत्रिकेत दिसते, म्हणून झूम फिरवताच चौकट बदललेली दिसते. चौकट दाखवण्याचे काम अशा रीतीने कॅमेऱ्याने आपल्या शिरावर घेतले, आणि झूमचा आरशाच्या कॅमेऱ्याशी जडलेला संबंध पुढे अर्धशतक टिकला.

१९६३ ची निकॉनची ४३ ते ८६ मिलिमीटर झूम हा पुढचा टप्पा होय. ताकाशी हिगुची यांच्या या रचनेत पल्ला बरोबर दुपटीचा ठेवून ती आकाराने आटोपशीर आणि किमतीने हौशी छायाचित्रकाराला परवडेल अशी केली होती. ४३ मिलिमीटर हा आकडाही चौकटीच्या कर्णाएवढा, म्हणजे नैसर्गिक दृश्यकोनाचा. सरळ रेषा एका टोकाला बाहेर फुगलेल्या आणि दुसऱ्या टोकाला आत खेचलेल्या दिसत, अशी तिच्याबद्दलची तक्रार प्रसिद्ध आहे. तरीही ती लोकप्रिय झाली. थोडी कमी सुबकता सोसूनही ग्राहक सोयीला पसंती देतात, हा या कुळाचा स्थायी स्वभाव येथे प्रथम उघड झाला.

याच दशकात लेन्सचे आणखी एक ओझे उतरले. लेन्सच्या तोंडातून किती प्रकाश शिरतो हे एफ-अंकाने सांगतात. नाभीय अंतराला प्रवेशछिद्राच्या व्यासाने भागले की तो मिळतो, आणि अंक जितका मोठा तितका प्रकाश कमी. नाभीय अंतर वाढवताना एफ-अंक स्थिर ठेवायचा तर भिंगे मोठी आणि जड होतात, तो बदलू दिला तर लेन्स लहान राहते. परंतु हातातल्या स्वतंत्र प्रकाशमापकावर विसंबणाऱ्या छायाचित्रकाराला झूम फिरवताना दर वेळी नवा हिशेब करावा लागे. १९६३ च्या ‘टॉपकॉन आरई सुपर’ या कॅमेऱ्यापासून लेन्समधून आलेला प्रकाशच कॅमेऱ्याच्या आत मोजण्याची पद्धत रुजली आणि हा हिशेब आपोआप होऊ लागला. आजच्या बहुतेक सुपरझूमच्या नावात ‘एफ/३.५-६.३’ असे जे दोन अंक दिसतात, त्यांना व्यवहारात मान्यता मिळण्याचे मूळ येथे आहे.

रचनेचे गणितही याच काळात माणसाच्या हातातून यंत्राकडे गेले. भिंगाच्या रचनेत प्रत्येक किरण प्रत्येक पृष्ठभागावर कसा वळतो हे मोजावे लागते, आणि ते काम पूर्वी लॉगॅरिथमच्या सारण्या घेऊन बसलेले गणकांचे पथक करीत असे. जपानमधील फुजी फोटो फिल्म कंपनीत बुन्जी ओकाझाकी यांनी याच कष्टातून सुटका व्हावी म्हणून ‘फुजिक’ हा निर्वात नलिकांचा संगणक बांधला. १९५६ मध्ये पूर्ण झालेले हे यंत्र जपानमधील पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक मानले जाते, आणि त्याचा जन्म लेन्सच्या आकडेमोडीसाठी झाला ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. डझनभर भिंगे अनेक स्थितींमध्ये तपासण्याचे काम संगणकाविना व्यवहार्य राहिले नसते. १९७३ मध्ये कॅननची दोनच गटांची ३५ ते ७० मिलिमीटर झूम आली, आणि त्यानंतर वाइडपासून, म्हणजे रुंद दृश्यकोनापासून, सुरू होणाऱ्या छोट्या झूम ही नित्याची बाब झाली.

वाइड आणि टेलिफोटो यांची एकाच नळीत सोयरीक जुळली ती १९८५ मध्ये. जपानच्या किनो प्रिसिजन कंपनीची ‘किरॉन’ २८ ते २१० मिलिमीटर लेन्स ही स्थिरचित्रणातील पहिली खरी सुपरझूम मानली जाते. त्याच वर्षी मिनोल्टाच्या ‘७०००’ या कॅमेऱ्याने स्वयंचलित फोकस एसएलआरच्या अंगभूत यंत्रणेत आणला, आणि या योगायोगाचे परिणाम दूरगामी ठरले. कॅमेरा स्वतःच क्षणार्धात प्रतिमा जुळवू लागल्यावर झूम पारफोकल असण्याची अट छायाचित्रकारापुरती सैल झाली. नाभीय अंतर बदलताना प्रतिमा थोडी ढळली तरी शटर दाबण्यापूर्वी ती पुन्हा जुळत असे. रचनाकारांना गट अधिक मोकळेपणाने हलवता येऊ लागले. फिल्मनेही हातभार लावला: सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आलेल्या ४०० संवेदनशीलतेच्या रंगीत निगेटिव्ह फिल्ममुळे मोठ्या एफ-अंकाची मंद लेन्सही दिवसाउजेडी हातात धरून वापरता येऊ लागली.

या भूमीवर टॅमरॉन कंपनीने १९९२ मध्ये २८ ते २०० मिलिमीटरची जी स्वयंचलित फोकसची आटोपशीर झूम आणली, तिच्यापासून ‘ऑल-इन-वन’ हा बाजारातील स्वतंत्र वर्ग बनला. जपानमध्ये १९५० साली स्थापन झालेली ही कंपनी अन्य उत्पादकांच्या कॅमेऱ्यांना बसणाऱ्या लेन्स बनवण्यासाठी ओळखली जात होती आणि तिचे नाव उहिओए तामुरा या रचनाकारावरून आले आहे. लेन्स लहान होण्याचे रहस्य दोन गोष्टींत होते. एक म्हणजे एकात एक शिरणाऱ्या नळ्या, ज्या बंद स्थितीत आखूड राहतात आणि झूम करताना लांब होतात. दुसरी म्हणजे अगोलीय भिंगे, ज्यांची वक्रता मध्यापासून कडेपर्यंत सारखी नसते आणि म्हणून एकच भिंग अनेक गोलीय भिंगांचे काम करते. काचेवर राळेचा साच्यातून काढलेला पातळ थर चिकटवून ती स्वस्तात बनवण्याची पद्धत तोवर उपलब्ध झाली होती. या लेन्सची एक उणीव मात्र मोठी होती: टेलिफोटो टोकाला विषय सुमारे दोन मीटरहून जवळ आला तर फोकस होत नसे. पुढील आवृत्त्यांत हे अंतर अर्ध्या मीटरच्या आत आले. १९९९ मध्ये पल्ला ३०० मिलिमीटरपर्यंत वाढला, आणि २००२ मध्ये अधिक अपवर्तनांकाच्या, म्हणजे किरणांना अधिक वळवणाऱ्या, काचेमुळे तेवढाच पल्ला बऱ्याच लहान नळीत मावला.

डिजिटल छायाचित्रणाने या कुळाला नवे कारण पुरवले. फिल्मच्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रासाठी फिल्मचा नवा तुकडा पुढे येतो, म्हणून आत शिरलेला धुळीचा कण सहसा एखाद्याच चित्राला बाधतो. डिजिटल कॅमेऱ्यात संवेदक तोच राहत असल्याने तो कण पुढील प्रत्येक चित्रात उमटत राहतो. लेन्स वारंवार बदलणे त्यामुळे अधिक जोखमीचे झाले, आणि आषाढी वारीसारख्या गर्दीच्या, पावसाच्या आणि चिखलाच्या ठिकाणी एकच लेन्स लावून ठेवण्यास सोयीपलीकडचा अर्थ आला. दुसरे असे की, स्वस्त डिजिटल एसएलआरमधील ‘एपीएस-सी’ संवेदक फिल्मच्या चौकटीहून लहान, सुमारे २४ × १६ मिलिमीटरचा असे, आणि लहान प्रतिमेसाठी लांब पल्ल्याची लेन्स बनवणे तुलनेने सोपे असते. २००५ मध्ये निकॉनची १८ ते २०० मिलिमीटर लेन्स आली तिच्यात कंपनशमनही होते. हात हलल्याचे संवेदकांनी ओळखून भिंगांचा एक गट विरुद्ध दिशेने सरकवण्याचे हे तंत्र एसएलआर लेन्समध्ये कॅननने १९९५ मध्ये प्रथम आणले होते. टेलिफोटो टोकाला प्रकाश अपुरा पडत असल्याने शटर अधिक काळ उघडे ठेवावे लागते, ही सुपरझूमची जन्मजात अडचण त्याने बरीच हलकी केली. त्यानंतर पल्ल्याची चढाओढच लागली. टॅमरॉनने २००८ मध्ये १८ ते २७०, २०१४ मध्ये १६ ते ३०० आणि २०१७ मध्ये १८ ते ४०० मिलिमीटरची लेन्स काढली. शेवटच्या लेन्सचे गुणोत्तर २२ हून अधिक असूनही वजन सुमारे ७१० ग्रॅम आहे.

अखेरचे मोठे ओझे संगणकप्रणालीने उचलले. सरळ रेषा वाकणे, कोपरे काळवंडणे आणि कडांना रंगीत किनार येणे हे दोष लेन्सगणिक ठरलेले असतात, म्हणून त्यांची माहिती साठवून कॅमेरा चित्र नोंदवतानाच ते पुसून टाकू शकतो. आरसा नसलेल्या ‘मिररलेस’ कॅमेऱ्यात नेत्रिकेतही इलेक्ट्रॉनिक प्रतिमाच दिसत असल्याने वापरणाऱ्याला मूळ वक्रता कधी दिसतच नाही. रचनाकार आता हे दोष हेतूपूर्वक शिल्लक ठेवतात आणि वाचलेली भिंगे पुसता न येणारी अस्पष्टता घालवण्यासाठी खर्ची घालतात. निकॉनच्या ४३ ते ८६ वर ज्या वाकड्या रेषांमुळे टीका झाली, त्याच प्रकारचा दोष आज अर्थशास्त्रीय निवड ठरला आहे. अर्थात ही दुरुस्ती फुकट नसते, कारण चित्र ताणताना कडेच्या भागातील तपशील विरळ होतो.

या साऱ्या भारवाटपानंतर जे उरते ते मात्र दुसऱ्या कोणाकडे सोपवता येत नाही, आणि ते म्हणजे प्रकाश गोळा करणे. ४०० मिलिमीटर नाभीय अंतर आणि एफ/६.३ यांचा अर्थ प्रवेशछिद्राचा व्यास सुमारे ६३ मिलिमीटर असा होतो, आणि पुढचे भिंग त्याहून लहान करणे कोणत्याही गणिताला शक्य नाही. म्हणूनच अलीकडे या कुळाच्या दोन शाखा स्पष्टपणे वेगळ्या झालेल्या दिसतात. २०२० मधील टॅमरॉनची मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची २८ ते २०० मिलिमीटर लेन्स १९९२ च्याच पल्ल्यावर परत आली, पण एफ/२.८ पासून सुरू होऊन ५७५ ग्रॅममध्ये बसली. तिने पल्ल्याची चढाओढ सोडून उजेड मिळवला. याउलट २०२४ मधील निकॉनची २८ ते ४०० मिलिमीटर लेन्स पूर्ण आकाराच्या संवेदकावर चौदापट पल्ला देते, परंतु लांब टोकाला तिचा एफ-अंक ८ आहे, म्हणजे रुंद टोकाच्या एफ/४ च्या तुलनेत संवेदकाच्या प्रत्येक भागावर चौथाई प्रकाश पडतो, आणि ती तूट संवेदकाची वाढती संवेदनक्षमता भरून काढील असा तिच्यामागचा भरवसा आहे.

त्यामुळे ऑल-इन-वन झूम चांगली की वाईट हा प्रश्न लेन्सपुरता विचारला तर अपुरा ठरतो. भर दुपारी मोकळ्यावर, कंपनशमन आणि स्वयंचलित दुरुस्ती यांच्या साथीने मध्यम आकाराच्या मुद्रणासाठी काढलेल्या चित्रात तिची आणि प्राइम लेन्सची तुलना अनेकदा निरर्थक होते. मंद प्रकाशातील सभागृहात, वेगाने हलणाऱ्या विषयासमोर किंवा पार्श्वभूमी पूर्ण विरघळवायची असेल तेथे मात्र साथीदारांचा उपयोग संपतो आणि काचेचा व्यासच काय तो बोलतो. हलणारा विषय कंपनशमनाने थांबत नाही, कारण ते फक्त हाताचे हलणे भरून काढते. जी कामे वाटून देता आली ती वाटून दिल्यानंतर लेन्सकडे स्वतःचे असे जे एक काम राहिले आहे, त्याच कामात ही लेन्स सर्वांत दुर्बळ आहे. आणि तिची निवड करणाऱ्याने तिच्या पल्ल्याच्या आकड्याआधी लांब टोकाचा एफ-अंक वाचावा, हा तिच्या दीर्घ वंशावळीतून निघणारा सर्वांत व्यवहारी निष्कर्ष होय.